पाचव्या प्रश्नाचं उत्तर

मामा, तुम्ही गेल्याला आज सोळा दिवस झाले अन् मी अजून तुमच्याशी भांडून राह्यले. भाकरी थापताना, जालन्याच्या स्टँडवर गाडीची वाट बघताना, ऑफिसात स्क्रीनपुढं बसून. तुम्ही असताना निदान "बरं बाई, तुझंच खरं, आता च्या टाक" म्हणून मला गप तरी करायचात. आता मीच बोलते, मीच चिडते अन् मीच गप होते.

लोक तुमच्याबद्दल खूप चांगलं बोलले. तीन गावांतून माणसं आली. कुणी म्हणालं, पोस्टमन असावा तर असा. कुणी म्हणालं, नाल्याला पाणी असलं की सायकल खांद्यावर अन् थैली डोक्यावर घेऊन यायचे. सगळं खरंय. पण ऐकताना मला कुणा दुसऱ्याच माणसाबद्दल चाललंय असं वाटत होतं. माझे मामा म्हणजे चहात बुडवलेलं बिस्किट तुटलं की बिस्किटावरच डाफरणारे. ते कुणाला माहीत नव्हतं, अन् मीही सांगितलं नाही. तेवढं मी माझ्यापाशी ठेवलं.

मला आज एकाच गोष्टीचं लिहायचंय. माझ्या हातून एक चूक झाली. तुम्ही होतात तोवर मला तिचा पत्ता नव्हता, अन् पत्ता लागला तेव्हा सांगायला तुम्ही नव्हतात.

पाचवीला मी तुमच्याकडं राहायला आले, कारण आमच्या वाडीत शाळा चौथीपर्यंतच. गणू तुमचा एकुलता एक, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, अन् मी आल्या दिवसापासून त्याच्या वाटणीचं दूध पिणारी. तुमच्या घराची पुढची खोली म्हणजेच गावचं पोस्ट होतं. शिक्के मारणारे तुम्हीच अन् सायकलवरून वाटणारेही तुम्हीच. राजूरकडून आठच्या गाडीनं थैली यायची. तुम्ही ती उघडायचात, गठ्ठे काढून मांडायचात, मग रिकामी थैली आतली बाजू बाहेर करून उलटी करायचात अन् दोनदा झटकायचात. फट्, फट्. धूळ उडायची, मामी आतून ओरडायची, "अहो, घरात झटकू नका म्हणलं ना!" अन् तुम्ही मला म्हणायचात, "शिवणीत कार्ड अडकून बसतं, स्वाते. कोणाचं असंल काय सांगता येतं?" इतक्या वर्षांत शिवणीतून एखाददुसरंच कार्ड निघालं असेल. पण तुम्ही एक दिवसही झटकल्याशिवाय थैली ठेवली नाही. मला तर तसंच वाटत होतं, परवापर्यंत.

अन् आपलं भांडणही तेव्हाचंच, मी बारा वर्षांची असतानाचं. सुट्टीत मी तुमच्या सायकलच्या कॅरिअरवर बसून यायचे. ज्यांना वाचता यायचं नाही त्यांच्या दारात तुम्ही उभ्यानंच पत्र वाचून दाखवायचात. बसायचा आग्रह झाला तरी नाही. पाणी प्यायचं अन् उभ्यानं वाचायचं. नाल्याकाठच्या म्हातारीच्या पोराचं कार्ड आलं होतं, संभाजीनगरहून. त्यात मोजून चार ओळी. तुम्ही वाचल्या आठ. थंडीत स्वेटर घाल, गुडघ्याला तेल लाव, माझी आठवण काढून रडू नको.

वाटेत मी तुम्हाला धरलं. "मामा, कार्डावर एवढं नव्हतं."

"नव्हतं."

"मंग?"

"त्याच्या मनात व्हतं. लिवायचं राह्यलं."

"तुम्हाला काय म्हायती त्याच्या मनातलं?"

"इतके वर्षं त्याचे कार्ड वाचून राह्यलो मी. मला न्हाई तं कोणाला म्हायती असणार?"

मी म्हटलं, ही लबाडी आहे. जेवढं लिहिलंय तेवढंच वाचायचं. तुम्ही सायकल थांबवलीत, वळून माझ्याकडं बघितलंत अन् म्हणालात, "हे बघ. वाचणाऱ्यानं एखादं वाक्य जोडलं तं चालतं. कापू न्हाई. जोडलेलं परत काढता येतं. कापलेलं कुठून आणशील?" मी म्हटलं, जोडूही नये अन् कापूही नये. तेव्हापासून हे भांडण चालू होतं. दिवाळीला, राजूरच्या गणपतीला जाताना, माझ्या लग्नाच्या मांडवातसुद्धा. त्याचा निकाल लागायचा राहिलाच.

पुढं मी इंजिनिअर झाले अन् योगायोग असा की मलाही टपालाचंच काम मिळालं. जालन्यात एका छोट्या कंपनीत मी मेल वाचते. म्हणजे मी नाही, माझा प्रोग्राम वाचतो. ठिकठिकाणचे गिऱ्हाईक तक्रारींचे मेल पाठवतात, प्रोग्राम ते उघडतो, मजकूर वेगळा काढतो, फोटो वेगळे काढतो अन् ज्याच्या त्याच्या टेबलावर नेऊन टाकतो. घरी कुणाला हे काम कळायचं नाही. तुम्ही एकटेच असे, की मला समोर बसवून म्हणालात, "आतून कसा असतो मेल? दाखव बरं."

मी लॅपटॉपवर एक मेल आतून उघडून दाखवला. स्क्रीनवर दिसतो तसा तो नसतोच, मामा. ती नुसती लांबलचक अक्षरांची पट्टी असते. वर पाठवणारा कोण, घेणारा कोण, तारीख काय. मग मेल सांगतो की अमुक एक खुणेची ओळ दिसली की एक भाग संपला अन् दुसरा सुरू झाला असं समजा. प्रत्येक भागाच्या डोक्यावर त्याची माहिती: हा साधा मजकूर, हा तोच मजकूर सजवलेला, हा फोटो. फोटोसुद्धा अक्षरांत मोडून पाठवलेला असतो, हजारो अर्थहीन अक्षरं. ती परत जुळवली की फोटो होतो.

तुम्ही चष्मा कपाळावर चढवलात. "म्हंजे थैलीत गठ्ठे. गठ्ठ्याला सुतळी. अन् वरती चिठ्ठी, की ह्यात काय हाय."

"बराबर."

"अन् गठ्ठ्यात गठ्ठा?"

"असतो की. कुणी दुसऱ्याचा अख्खा मेल आपल्या मेलमधे घालून पाठवतं. त्याच्या पोटात परत भाग."

"मोठ्या पोस्टाच्या थैलीत आमच्या बारक्या गावाची थैली यायची, तसं." तुम्ही इतके खूश झालात की मामीला हाक मारलीत. "अगं, पोरगी पोस्टातच लागली!" मग परत माझ्याकडं वळून, "अन् शेवटी थैली झटकता का?"

मी हसले. म्हटलं, शेवटी तीच खुणेची ओळ येते, पुढं दोन आडव्या रेघा मारलेल्या. म्हणजे आता आत काही नाही. तुम्ही मान हलवलीत, पण तुमचं समाधान झालं नव्हतं. "आत काई न्हाई हे थैलीनं सांगायचं नसतं," तुम्ही म्हणालात. "ते आपण झटकून बघायचं असतं." मी म्हटलं, बरं.

त्याच बसण्यात मी तुम्हाला माझ्या कात्रीचंही सांगितलं होतं, आठवतं? मोठ्या कौतुकानं. गिऱ्हाईक उत्तर देताना खाली आधीचा सगळा पत्रव्यवहार तसाच चिकटवून पाठवतात. एका ओळीची तक्रार अन् खाली पाच पानं जुनी. म्हणून मी प्रोग्रामला शिकवलं होतं, की "अमक्यानं अमक्या तारखेला लिहिलं" अशी ओळ दिसली की तिथून खालचं सगळं कापायचं. ऑफिसात माझी वाहवा झाली होती. तुम्ही मात्र एकच शब्द पकडलात. "कापते?"

"जुनंच असतं हो मामा ते."

"असू दे. मूळ पाकीट फेकत जाऊ नको. कापायचं तं काप, पण पाकीट ठेव." तुमच्या समाधानासाठी मी एक फोल्डर केला अन् आलेला प्रत्येक मेल जसाच्या तसा त्यात पडू दिला. कुणी तो कधी उघडत नव्हतं.

गणू जर्मनीला जाऊन आता किती वर्षं झाली. तुमचे कान गेले अन् फोन तुमच्या कामाचा राहिला नाही. "हॅलो, काय म्हणतो? काय?" अन् दुसऱ्या मिनिटाला फोन मामीच्या हातात. मोबाइलवरची अक्षरं दिसायची नाहीत, अन् मोठी करून दिली तर ओळ पळते म्हणायचात. तुम्हाला कागद पाहिजे होता. हातात धरायला, घडी करायला, ओसरीत उभं राहून मामीला वाचून दाखवायला. म्हणून मी माझा जुना कॉम्प्युटर अन् एक प्रिंटर तुमच्या खोलीत आणून लावला. रोज सकाळी आठला तो गणूचा मेल आलाय का बघणार अन् आला असला तर मोठ्या टायपात छापणार. आठची वेळ मी मुद्दाम ठेवली होती. तुम्हाला ते न सांगता कळलं, कारण पहिल्या दिवशी तुम्ही आठच्या आधीच टोपी घालून प्रिंटरसमोर बसला होतात.

पहिल्याच मेलला माझी फजिती झाली. कागदावर गणूऐवजी बरोबरच्या खुणा, इंग्रजी ई, शून्य, परत बरोबरची खूण, अशी दोन पानं भरून आली. मराठी अक्षरं प्रवासासाठी तशी बांधून येतात अन् मी ती सोडायला विसरले होते. तुम्ही कागद उलटसुलट केलात अन् म्हणालात, "स्वाते, हे तं तार आली. कोण गेलं?" मामीनं तुम्हाला हाणायचंच बाकी ठेवलं. मी ते तासाभरात दुरुस्त केलं अन् मग गणूचं पहिलं पत्र आलं, दुसरं आलं, बर्फातल्या नातवाचा फोटो आला. मला वाटलं, झालं काम. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात ना, ती मी. ऑफिसातला प्रोग्राम मी जसाच्या तसा उचलून आणला होता. कात्रीसकट.

मग तुमची पत्रं सुरू झाली. दर शनिवारी मी जालन्याहून यायचे, तुम्ही हातानं लिहिलेला कागद पुढं करायचात अन् मी तो टाइप करून धाडायचे. तुमचं पत्र म्हणजे सरकारी अर्ज. एक, दोन, तीन, चार. १. नातवाला दात आला का. २. थंडी किती. ३. तुझी पाठ आता कशी आहे. ४. भाजी कुठली मिळते. मी हसले की म्हणायचात, "आकडे घातले की समोरच्याला उत्तर टाळता येत न्हाई." अन् गणू तुमचाच पोरगा. त्याला लहानपणापासून तुम्ही हेच शिकवलं होतं, की प्रश्नाखाली उत्तर लिहायचं.

एका शनिवारी कागदावर पाच आकडे होते. पाचवा तुम्ही घडी घालून झाकला होता. म्हणालात, "हे टाइप कर. वाचू नको."

"मामा, न वाचता टाइप कसं करणार?"

"बोटानं कर. डोक्यात नेऊ नको."

मी टाइप केलं. डोक्यात कसं जाणार नाही, मामा? त्यात लिहिलं होतं: ५. तुझा पासपोर्ट आला तेव्हा मी तो आठ दिवस ठेवून घेतला होता. तुला तेव्हा कळलं होतं का? मनात राग असेल तर तसं लिही.

तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात. मला तेव्हाचं आठवलं. गणूचा ऊर खाली-वर, पासपोर्ट का येत नाही, वेळेत पोचलो नाही तर कॉलेजातली जागा जाणार, अन् तुम्ही म्हणताय, "येईल, येईल, टपालाला उशीर होतो." जन्मभर कुणाचं पोस्टकार्ड एक दिवस अडवलं नाही त्या माणसानं पोटच्या पोराचं पाकीट ट्रंकेत ठेवलं होतं. "धाडलं," एवढंच म्हटलं. तुम्ही म्हणालात, "च्या घेशील?"

पुढच्या शनिवारी मी आले तर प्रिंटरचा कागद टेबलावर होता. अण्णा, नमस्कार. पत्र मिळालं. आम्ही सगळे बरे आहोत. बस्स. खाली कोरं पान.

मी पेटले. आधीही दोन-चारदा असंच आलेलं मी बघितलं होतं अन् म्हटलं होतं, बिझी असेल. पण या वेळेला? तुम्ही जीव काढून ओंजळीत ठेवला अन् यानं दीड ओळ पाठवली? मी तुम्हाला म्हटलं, "मोठा झालाय तुमचा गणू. साहेब झालाय. बापाला उत्तर द्यायला टाइम न्हाई." तुम्ही म्हणालात, "असंल कामात. तू त्याला काई बोलू नको." मी म्हटलं, "तुमचा तो बाब्या!" तुम्ही हसला नाहीत. कागदाची चौपदरी घडी केलीत अन् ट्रंकेत ठेवलीत.

तुम्ही नको म्हणालात म्हणून मी त्याला बोलले नाही, पण बोलणंच टाकलं. त्याचा मेसेज आला, काय झालं गं? मी लिहिलं, काही नाही. राखीचा फोटो पाठवायचे, तोही पाठवला नाही. नऊ वर्षं मी दुसऱ्यांचे मेल उघडून बघते, मामा. कुणाचा अर्धा मजकूर गायब झाला तर मला लगेच वास येतो. अन् इथं इतक्यांदा दीड ओळ बघून माझ्या मनात एकदाही आलं नाही, की आपलंच काही चुकलं असेल. मी गणूला आधीच गुन्हेगार ठरवलं होतं ना. मग तपास कोण करतं?

तुम्ही गेल्यावर गणू तिसऱ्या दिवशी पोचला. चौथ्या दिवशी दुपारी तो तुमच्या खोलीत, प्रिंटरजवळच्या स्टुलावर बसला होता. मी दारात उभी राहून, घरात माणसं आहेत नाहीत याचा विचार न करता, त्याला म्हटलं, "पाचव्याचं उत्तर का नाही दिलंस?"

त्यानं वर बघितलं. डोळे सुजलेले. "कोणत्या पाचव्याचं? पासपोर्टच्या? दिलं की."

"खोटं बोलू नको गणू. दीड ओळ आल्ती. मी डोळ्यानं बघितली."

"स्वाते, दिलं म्हणतो ना. एवढं मोठं लिहिलं. उलट मीच वाट पाहून राह्यलो. पुढच्या पत्रात अण्णांनी परत एक, दोन, तीन, चार. पासपोर्टचा विषयच न्हाई. मला वाटलं, माझं लिहिलेलं त्यांना आवडलं न्हाई." त्यानं मोबाइल काढून माझ्यापुढं धरला.

मेल उघडाच होता. वर दीड ओळ. त्याखाली "अण्णांनी अमक्या तारखेला लिहिलं" अशी ओळ. अन् त्याखाली तुमचे प्रश्न, एक एक, प्रत्येकाखाली त्याचं उत्तर. तुम्ही शिकवलं तसं. एक, दोन, तीन, चार मी वाचलं. पाच दिसलं अन् मी मोबाइल उलटा करून त्याला परत दिला. ते तुमचं टपाल होतं, मामा. मी वाचायचं नव्हतं.

मला माझी कात्री आठवली.

दोष कॉम्प्युटरचा नव्हता. त्याला मी जे सांगितलं ते त्यानं इमानदारीनं केलं. गणू "उत्तर द्या" दाबून तुमच्या प्रश्नांखाली लिहायचा, म्हणून त्याचं पत्र त्या ओळीच्या खाली असायचं, अन् त्या ओळीच्या खालचं सगळं जुनं असतं हे मी ठरवून टाकलं होतं. त्याची पहिली पत्रं बिनप्रश्नांची होती म्हणून पूर्ण आली. तुम्ही विचारायला लागलात अन् मी उत्तरं कापायला लागले. अकरा पत्रं, मामा.

मी मामीला सगळं सांगितलं. म्हटलं, मामी, चूक माझी. तुम्हाला कुणाला गणूची पत्रं पूर्ण मिळालीच नाहीत. मामी माझ्याकडं खुळ्यासारखी बघायला लागली.

"न्हाई बाई. यांनी तं वाचून दाखवले ना मला सगळे. दर रविवारी. चांगले मोठमोठे पत्रं."

"कोणते, मामी?"

"आता काय सांगू? नातवाला दोन दात आले. तिथं थंडी हाय, पण घरात गरम असतं. पाठ आता दुखत न्हाई. अन् कुंडीत कोथिंबीर लावली म्हणून लिवलं व्हतं." मग गणूकडं वळून, "तू फोनवर इचारायचा, आई, पत्र मिळालं का? म्या म्हणायचे ना, हो, वाचलं म्हणून?"

गणूचा चेहरा बदलत गेला. "आई, मी मेथी लावली म्हणून लिहिलं व्हतं," तो म्हणाला. "कोथिंबीर न्हाई. मेथी."

तेव्हा मला कळलं. दर रविवारी तुम्ही ओसरीत उभे राहिलात, हातात दीड ओळीचा कागद धरलात अन् मामीला पूर्ण पत्र वाचून दाखवलंत. चार प्रश्नांची चार उत्तरं. नाल्याकाठच्या म्हातारीला द्यायचात तशी. तुमचा अंदाज फक्त मेथी-कोथिंबिरीइतका चुकला. अन् मला एका शब्दानं बोलला नाहीत, की स्वाते, तुझ्या यंत्रातून काही येत नाही. पोराला नावं ठेवली जातील म्हणून? की मला वाईट वाटेल म्हणून? तुम्ही एकदा नुसतं विचारायचं होतं हो मामा. एकदा म्हणायचं होतं, पोरी, थैली झटकली का? मला राग येतो तुमचा. खरंच येतो. अन् मग ओसरीतले तुम्ही डोळ्यापुढं येता, कोरा कागद धरलेले, अन् रागाचं काय करावं कळत नाही.

"अन् पाचवं, मामी?" मी विचारलं. "एका पत्रात पाचवं होतं."

मामीनं आठवलं. "पाचवं काई वाचलं न्हाई यांनी. एका रविवारी चार वाचले अन् नुसते कागदाकडं बघत उभे राह्यले. म्या म्हणलं, सरलं का? म्हणले, सरलं. अन् घडी केली."

आपलं सगळं भांडण तिथं संपलं, मामा. वाचणाऱ्यानं जोडलं तर चालतं म्हणायचात. जन्मभर दुसऱ्यांच्या दारात जोडलंत. स्वतःसाठी एक ओळ जोडायची वेळ आली अन् जोडली नाहीत. तिथं तुम्ही माझ्यासारखेच निघालात. जेवढं होतं तेवढंच वाचलंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी प्रोग्राममधून कात्री काढून टाकली. मग प्रोग्रामबरोबर इथंही आलेला तो फोल्डर उघडला, तुमच्या हट्टापायी ठेवलेला. सगळी मूळ पाकिटं तिथं होती, अकराच्या अकरा. ती मी एक एक करून परत प्रोग्रामला दिली. लाईट दोनदा गेली. प्रिंटर तसाच कुरकुरत चालला अन् कागद तुमच्या टेबलावर पडत राहिले. गणू ते उचलून तारखेनुसार लावत होता. एकदा त्यानं माझ्या डोक्यावर टपली मारली, लहानपणी मारायचा तशी, अन् मी तुमच्या टॉवेलात तोंड घालून रडले.

काल रविवार होता. मामी म्हणाली, वाचून दाखव. ओसरीत ती भिंतीला टेकून बसली, गणू पायरीवर. तुमच्या बाजेवर नुसती चादर. गणू म्हणाला, बस ना. मी बसले नाही. पाणी प्यायले अन् उभी राहिले.

एक झालं, दोन झालं, तीन झालं. मेथी झाली. पाचव्यावर आले अन् माझा आवाज आत आत जायला लागला. पहिली ओळ मी पुटपुटलेच असेन. मामीनं बाजेकडं बघितलं अन् नेहमीच्या आवाजात म्हणाली, "जरा मोठ्यानं वाच, बाई. त्यांना कमी ऐकू येतं."

गणूनं गुडघ्यात डोकं घातलं. मी घसा साफ केला अन् परत पहिल्यापासून, समोरच्या घरातही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं वाचलं. तेच इथं लिहिते. एक अक्षर जोडलेलं नाही अन् एक कापलेलं नाही.

"अण्णा, पहिल्याच दिवशी कळलं होतं. तुम्ही रोज थैली उलटी करून झटकायचे. त्या दिवशी झटकली नाही, तशीच घडी करून ठेवली. मी दारातून बघत होतो. आत काय आहे ते मला तेव्हाच समजलं. मी मागितला नाही, कारण मलाही जावंसं वाटत नव्हतं, पण तसं म्हणायची हिंमत नव्हती. त्या आठ दिवसांत तुम्ही मला रोज संध्याकाळी सायकलवर घेऊन फिरलात. इतका मोठा झालेला मी, अन् तुम्ही डबलसीट. आठव्या दिवशी पासपोर्ट माझ्या उशाशी ठेवलात तेव्हा मी जागा होतो. अण्णा, राग कधीच नव्हता. इकडे फार एकटं वाटलं की मी ते आठ दिवस आठवतो. पुरतात. पण एक विचारायचं आहे. तुम्ही मला 'जाऊ नको' असं एकदा तरी का नाही म्हणालात? याचं उत्तर लिहा. मी वाट बघतो."

वाचून झालं. मामीनं कागद मागून घेतला, तुमच्यासारखी चौपदरी घडी केली अन् बाजेवर चादरीखाली सारला.

गणू परवाच्या गाडीनं निघणार आहे. आज शनिवार नाही, तरी मी लॅपटॉप घेऊन तुमच्या खोलीत बसले आहे. त्याला काय उत्तर धाडू, मामा? तुम्ही सांगा, मी टाइप करते. वाचणार नाही.